पायरीवरचं मीठ

मागच्या हिवाळ्यात माझ्या उजव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला. आता पाय बरा आहे. थंडी वाढली की आत बसवलेली धातूची पट्टी ठणकते, जिना उतरताना कठडा सोडवत नाही, पण मी चालते, उभी राहून पोळ्या लाटते. देवाची कृपा, आणि खूप माणसांची.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिही, असं मला मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या काकूंनी सांगितलं. इकडे अमेरिकेत नव्यानं आलेल्या बायका, मुलांकडे हिवाळ्यात राहायला येणारे आईवडील, त्यांना उपयोग होईल म्हणाल्या. मी आठवीत शाळा सोडलेली. पत्राशिवाय काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, बर्फावर कसं चालायचं तेवढं लिहिते. तर काकू म्हणाल्या, "लिहायचं तर सगळं लिही. नाहीतर नको लिहूस."

म्हणून सगळं लिहिते.

ज्यांच्या दारात पडले

ईडन प्रेरी गावात डॉक्टरकाका आणि काकूंच्या घरी मी स्वयंपाकाला जाते. काका मूळचे नागपूरचे. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. तरुणपणीच इकडे आले, आता ऐंशी ओलांडली. काकू पुण्याच्या. त्यांची एकुलती एक मुलगी अनिता इथेच जन्मली, शिकागोला वकिली करते.

आम्ही कोरेगावकडचे. आमचे हे हॉटेलात कुक म्हणून आले आणि वर्षभरानं मी आले. आम्हाला राहायला जागा मिळेपर्यंत काकांनी देवळातल्या ओळखीवर आम्हाला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. माझ्या अंगावरचा पहिला जाड कोट काकूंचा होता, पायातले बूट अनिताचे जुने. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे मी जे केलं ते कुणाशी केलं हे तुम्हाला कळावं.

काका हिवाळाभर रोज सकाळी पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर मीठ टाकायचे. ते दोघं स्वतः गॅरेजमधूनच गाडीनं बाहेर पडत. पुढच्या दारानं यायची ती मी. म्हणजे ते मीठ माझ्यासाठीच असायचं.

आता मीठ म्हणजे आपलं खडेमीठ असतं ना लोणच्याचं, अगदी तसंच दिसतं ते. आमच्या घरी मीठ सांडलं तर आई टिपून घ्यायची. चुकून पाय पडला तर वाकून नमस्कार करायला लावायची. तुडवलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं तिनं आम्हा भावंडांना सांगितलेलं. मी पापण्या मिटून बघायची, कसं वेचता येईल म्हणून.

काकांनी मला समजावलं होतं. हे खाणीतलं मीठ आहे, खायचं नाही, बर्फ धरू नये म्हणून टाकतात. मला ते कळलंही होतं. पण पाय काही ऐकेना. पहिल्या हिवाळ्यात मी गवताच्या कडेनं चढायची. मग एकदा दाराशी झाडू दिसला. त्या दिवसापासून मी रोज आत जायच्या आधी पायऱ्या स्वच्छ झाडायची, मीठ सुपलीत भरायची आणि झुडपाच्या मुळाशी ओतून हात जोडायची. मला वाटायचं, पायऱ्या तर कोरड्या आहेत, बर्फ कुठे आहे? मिठाचं काम झालेलं आहे.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. हसतील असं वाटायचं.

तो दिवस

जानेवारीतला दिवस होता. दुपारी थोडं ऊन पडलं. छपरावरचा बर्फ वितळून पायऱ्यांवर थेंब थेंब पाणी ठिबकत राहिलं. ऊन सरलं तसं ते पाणी गोठलं. इथे त्याला काळा बर्फ म्हणतात, पण तो काळा बिळा काही नसतो. फरशी नुकतीच पुसल्यासारखी दिसते, एवढंच.

मी घरी निघाले होते. एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात काकूंनी दिलेला भाजीचा डबा. कठडा धरायला हात नव्हताच. पहिल्याच पायरीवर पाय सरकला आणि मी खाली आले. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पायाकडे बघितलं तर पाऊल भलत्याच बाजूला तोंड करून होतं.

माझ्या ओरडण्यानं काका घरातल्या सपातांवरच बाहेर आले. मागून काकू, "अहो, तुम्ही नका जाऊ, तुम्हीही पडाल." काकांनी काय केलं असेल? ते पायरीवर बसले आणि लहान मूल उतरतं तसे बसल्याबसल्या एकेक पायरी खाली आले. एवढा मोठा डॉक्टर. माझ्या पोटरीखाली स्वतःचा स्वेटर घातला, पाय धरून ठेवला आणि म्हणाले, हलवू नकोस, अ‍ॅम्ब्युलन्स येतेय, माझ्याकडे बघ.

मी बघितलं. ते पायरीवरून हात फिरवत होते. मग त्यांनी काकूंना विचारलं, "मी आज मीठ टाकलं नाही?"

काकू म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी उठले नव्हते."

काका पुन्हा हात फिरवून बघायला लागले. मग माझ्याकडे वळले. "सुमन, मला माफ कर. मी विसरलो."

मी शुद्धीवर होते. पाय दुखत होता हे खरं, पण तोंड मिटलं होतं ते पायामुळे नाही.

हॉस्पिटल

एक्स-रे झाला. एका पडद्यावर मराठी बोलणारी बाई दिसत होती, ती डॉक्टरांचं मला सांगायची आणि माझं डॉक्टरांना. दोन हाडं मोडलीत, पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील, मग दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी तिला विचारलं, "मी उभी राहून काम करू शकेन का हो?" तिनं ते डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेक. ते "बहुतेक" माझ्या छातीत बसून राहिलं. मला दुसरं येतं काय?

हे हॉटेलातून तसेच आले, अंगाला फोडणीचा वास. हात धरून बसले. कशी पडलीस विचारलं, मी म्हटलं, बर्फ होता.

ऑपरेशन झालं. त्यानंतरची एक गोष्ट सांगते, कारण पुढे कुणावर वेळ आली तर त्यांनी माझ्यासारखं करू नये. मला लघवीला नेण्यासाठी एक उंचपुरा तरुण मुलगा आला. मी मान हलवून नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको. बाई पाठवा असं म्हणायला हवं होतं, ते सुचलं नाही. शेवटी अंथरुणातच झालं. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. तोंडावर चादर ओढून घेतली. मग एक वयस्क मदतनीस बाई आली, काही न बोलता सगळं बदललं आणि कपाटातून ऊन केलेलं ब्लँकेट आणून अंगावर घातलं. नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यासारखं ऊन. त्या ब्लँकेटला मी आजही विसरलेले नाही. तुम्हाला काही नको असेल, दुसरं हवं असेल, तर सांगा. तिथे कुणी रागावत नाही.

काका रोज यायचे. काकूंनी दिलेला मेतकूट-भात घेऊन यायचे, पलंगाशी बसून माझ्या पायाची बोटं हलतात का बघायचे आणि जाताना म्हणायचे, "माझ्यामुळे झालं गं हे." मी म्हणायची, "असं नका म्हणू काका." म्हणायला किती सोपं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई किती मोठ्या मनाची.

मग अनिता आली. त्या दिवसापासून काका गाडी चालवायचे बंद झाले, ते तिच्या शेजारी बसून यायला लागले. एकदा ते कॉफी आणायला खाली गेले तेव्हा तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"सुमनताई, मला खरं सांग. डॅड गोष्टी विसरतात का? तू त्यांना रोज बघतेस. मॉम मला काही सांगत नाही."

सांगायची वेळ होती ती. माझ्यासमोर पाट मांडून ठेवला होता. आणि मी काय म्हणाले? "वय झालंय ना आता त्यांचं."

अनितानं मान हलवली. डोळे पुसले. मला थँक यू म्हणाली.

तुम्ही विचाराल, का नाही सांगितलं. मला वाटलं, अडाणी बाई म्हणतील. मीठ झाडते म्हणे. वाटलं, काम जाईल, आणि कामापेक्षा ते घर जाईल. परक्या मुलखात ते एकच घर असं होतं जिथे मी दार उघडून "काकू" अशी हाक मारत आत जायची.

त्याच आठवड्यात आईचा गावाकडून फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठंतरी मिठावर पाय दिला असशील. नीट आठव." मला हसू फुटलं. हसता हसता रडायलाच आलं. ह्यांना वाटलं आईची आठवण आली म्हणून रडतेय.

पाहुण्यांची खोली

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे हॉस्पिटलातून काका-काकूंनी मला त्यांच्याकडेच नेलं, खालच्या पाहुण्यांच्या खोलीत. मला गुडघा टेकवून ढकलायची चाकांची एक छोटी गाडी मिळाली होती. त्यावरून मी घरभर फिरायची आणि जिला मी रोज चहा करून द्यायची ती बाई मला चहा करून द्यायची. काकू म्हणायच्या, "बस गं, मला येतो चहा करता. तू यायच्या आधी काय आम्ही उपाशी होतो?"

पण काकू पहिल्यासारख्या नव्हत्या. काकाही पहिल्यासारखे नव्हते. गॅस बंद केला का हे ते तीनतीनदा बघायचे. "मी गोळी घेतली का?" म्हणून काकूंना विचारायचे. घेतलेली असायची. अनितानं पायऱ्यांवर मीठ टाकायला एक माणूस लावला होता. तो आला की काका खिडकीशी उभे राहून त्याच्याकडे बघत राहायचे. ज्या माणसानं जन्मभर लोकांना झोपवून सुखरूप जागं केलं, त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता. आणि तो गेला नव्हता, मी काढून घेतला होता.

अनिता दर शनिवार-रविवारी यायची. बोलणं कानावर पडायचं. गाडीच्या चाव्या तिनं स्वतःकडे घेतल्या. शिकागोजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे, तिथे दोघांना न्यायचं. घर विकायचं. त्याआधी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे तपासणी. काकू एकदा माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली या घरात. आता शिकागोला कुणाशी बोलू मी?" मी त्यांचा हात धरला. तो हात धरताना माझी मलाच किळस आली.

चालायचं कसं

मधेच हे सांगून घेते, कारण खरं तर त्यासाठीच हा लेख.

मला चालायला शिकवणारी लिंडा म्हणून एक थेरपिस्ट होती. ती म्हणायची, बर्फावर माणसासारखं चालायचंच नाही, बदकासारखं चालायचं. पाऊल लहान, पूर्ण तळवा टेकवून, गुडघे थोडे वाकवून, अंग किंचित पुढे. घाई नाही. हात खिशात घालायचे नाहीत, आणि दोन्ही हातांत सामान तर घ्यायचंच नाही. एक हात कठड्याला. फेऱ्या दोन झाल्या तरी चालतील. बुटाला खालून लावायचे काटे मिळतात ते लावावेत, पण घरात शिरताना काढावेत, गुळगुळीत फरशीवर तेच घसरवतात. गाडीतून उतरताना दोन्ही पाय बाहेर टेकवून, दाराला धरून, मगच उठायचं. जमीन ओली दिसली तर ती ओली नाही, गोठलेली आहे असं धरून चालायचं. साडीवर शोभत नाहीत म्हणून बूट गाडीत ठेवून चपला घालून हळदीकुंकवाला जाऊ नये, चपला पिशवीत न्याव्यात आणि आत गेल्यावर घालाव्यात.

आणि पायरीवरचं मीठ झाडू नये.

सांगितलं तो दिवस

तपासणीला जायच्या सकाळी अनिता कोट घालून तयार होती. काका टेबलाशी बसले होते. शर्टाची बटणं बरोबर लागलीत का हे ते बोटांनी चाचपून बघत होते, वरून खाली आणि पुन्हा वरून खाली. मी माझी गुडघ्याची गाडी ढकलत स्वयंपाकघरात आले आणि ते बघितलं. त्यानंतर मला राहवेना.

मी म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी मीठ टाकलं होतं."

काकांनी वर बघितलं. "तू बघितलंस?"

"मी झाडलं. रोज झाडायची. मिठावर पाय देववत नव्हता म्हणून. तुम्ही टाकायचात आणि मी येऊन झाडायची."

अनिताला सगळं मराठी कळलं नसावं, ती आईकडे बघायला लागली. काकूंनी तिला इंग्रजीतून सांगितलं, आवाज न चढवता.

काकांनी विचारलं, "त्या दिवशीही झाडलंस?"

"हो."

"आणि मी टाकलेलं होतं?"

"होतं काका. सगळ्या पायऱ्यांवर होतं."

काका उठून उभे राहिले, टेबलाला धरून. अनिताकडे वळून म्हणाले, "आय पुट द सॉल्ट." मग परत एकदा, हळू, स्वतःशीच, "आय पुट द सॉल्ट." आणि तोंडावर हात ठेवून ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

रागावल्या काकू. "महिनाभर आम्ही इथे रडतोय," त्या म्हणाल्या, "आणि तू आमच्या ताटात भात जेवतेस." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या. पुढे बरेच दिवस त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. जेवण मात्र वेळेवर आणून ठेवायच्या, गरम, वर तूप घालून. त्या ताटातला घास गिळणं हा पाय मोडण्यापेक्षा मोठा आजार होता. मी ह्यांना म्हटलं, मला घरी न्या, जिना मी बसून चढते. काकांनी जाऊ दिलं नाही. म्हणाले, हाड जुळायचं आहे, मग भांडा.

अनिता मला म्हणाली, "मी तुला विचारलं होतं." दुसरं काही नाही. खरंच होतं.

तपासणी तरीही झाली. काका वयाच्या मानानं चांगले निघाले. घर विकायचं राहिलं. अनितानं चाव्या परत आणून खुंटीला लावल्या. काकू माझ्याशी पुन्हा पहिल्यांदा बोलल्या ते, "पोळ्या मी करतेय त्या वातड होतायत, तू कधी उभी राहणार?" मी देवघरापुढे जाऊन डोकं टेकलं. जुनी माया परत मिळाली असं नाही म्हणता येणार. पण काकू बोलल्या.

अजून

लोकांना वाटतं, सांगून टाकलं की मिटतं. काही मिटतं, काही राहतं. खुंटीवरच्या चाव्या काकांनी अजून घेतलेल्या नाहीत. नको म्हणतात, भरवसा वाटत नाही. डॉक्टरांनी डोकं तपासलं, ते चांगलं आहे. पण ही शंका मी घातली, ती त्यांच्या तपासणीत कुठून दिसणार?

या हिवाळ्यात काका पुन्हा स्वतः मीठ टाकतात. मी पोचते तेव्हा कोट घालून दारात उभे असतात. "बघ गं, टाकलंय ना?" मी मनात आईची माफी मागते आणि मिठावर पाय ठेवते. "टाकलंय काका." आत जाऊन चहा ठेवते तोवर ते पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगते.

गेल्या रविवारी माझी सुट्टी होती. सकाळी काकांचा फोन आला. "सुमन, आज टाकलं का गं मी?" मागून काकूंचा आवाज येत होता, "अहो, टाकलंत, मी सांगतेय ना." पण त्यांना ते माझ्याकडून हवं होतं.

फोनवरच हो म्हणता आलं असतं. मी ह्यांना उठवलं, बूट चढवले, काटे लावले. ह्यांनी मला काकांच्या दारापुढे सोडलं. हात मोकळे ठेवून, लहान लहान पावलं टाकत मी पायऱ्यांशी गेले आणि वाकून बघितलं. काका काचेआडून बघत होते. त्यांनी दार उघडलं.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं काका. प्रत्येक पायरीवर आहे."